पाचगणीचा ठसका

त्या वर्षी आमचे वडील एक वाक्य सगळीकडे घेऊन फिरायचे. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, पनवेलच्या एसटी स्टँडवर भेटलेल्या ओळखीच्या-अनोळखी कुणाशीही बोलताना ते यायचंच. "आमचा पोरगा पाचगणीला असतो." समोरचा "अरे वा" म्हणायचा. मग वडील मान खाली घालून उगाच खिसे चाचपायचे, जसं काही ते चुकून तोंडातून निघून गेलं होतं. मी बरोबर असले की मीच दुसरीकडे बघायचे.

आम्ही मूळचे गव्हाणकडचे. खाडीला लागून थोडी भातशेती आणि शेजारी मिठागर, एवढंच आमचं जग. ऐंशीचं दशक संपता संपता नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्याचे पैसे आले आणि वडिलांनी डंपर घेतला. सगळीकडे डोंगर फोडून खाडी भरायचं काम चालू होतं, त्यामुळे डंपरला उसंत नव्हती. आम्ही पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. जिन्याची सवय नसलेली आई पहिले काही महिने दर मजल्यावर कठडा धरून दम खायची. शेजारच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाई "दमलात का हो?" असं इतक्या गोड आवाजात विचारायच्या की मला आईचाच राग यायचा.

वडिलांना आता साइटवरच्या साहेबांशी बोलावं लागे. साहेब इंग्रजीत काही म्हणाले की वडील "व्हेरी गुड" म्हणत. काम मिळालं तरी व्हेरी गुड, डंपरचा टायर फुटला तरी व्हेरी गुड. अशाच एका साहेबांनी त्यांच्या डोक्यात भरवलं की पोराला घाटावरच्या निवासी शाळेत घाला, तिथून माणूस होऊन निघेल. ती शाळा इंग्रजांच्या काळातली आहे हे वडील अशा सुरात सांगायचे की इंग्रज अजून तिथेच बसून हजेरी घेतात असं वाटावं.

मला धाडायचा विषय निघाला नाही. मी आठवीत होते, मुलींच्या मराठी शाळेत, आणि वर्गात पहिल्या पाचांत यायचे. पण मुलीला कोण पाचगणीला धाडतंय? मी मागितलंही नाही. राग मात्र आला होता, आणि तो भावावर काढण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा पाचवीतला, आधीच अबोल, स्वतःच्या ट्रंकेपेक्षा जेमतेम उंच. जूनमध्ये वडील त्याला सोडून आले तेव्हा आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून बराच वेळ खाली बघत होती.

गणपतीला तो आला नाही. शाळेत सुट्टी नव्हती. आमच्याकडे गणपतीला घरचं माणूस नाही म्हणजे काय, हे त्या शाळेला कोण सांगणार? गौरीच्या दिवशी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "पोराची तब्येत बरी नाय. मला कलतंय." वडील म्हणाले, तुला इथे बसून काय कळतं. पण मुलांना भेटायला जायचा रविवार गणपतीनंतर लगेचच होता, आणि या खेपेला मी येणार, असं तिने सांगून टाकलं.

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. पोराला नजर लागलीय. एवढी मोठी शाळा, एवढे पैसेवाले लोक, त्यांच्यात आमचं देखणं पोर; नजर लागणारच. आमच्याकडे नजर काढायची म्हणजे मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, त्या माणसावरून उतरवायच्या आणि विस्तवात टाकायच्या. उतरवून झाल्यापासून मूठ विस्तवात रिकामी होईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. मिरच्या जळूनही वास आला नाही, तर समजायचं की नजर लागली होती आणि ती मिरच्यांबरोबर जळाली. घरभर ठसका लागला, तर नजर नव्हतीच. गव्हाणला असताना दर अमावास्येला आई भावाची नजर काढायची, आणि एकदाही वास यायचा नाही. तिला त्याचा अभिमान होता. पोर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरतं, असं ती विहिरीवर सांगायची.

जायच्या आधी आठवडाभर वडिलांनी आईची शिकवणी घेतली. मोठ्याने बोलायचं नाही. मशेरी घरीच लावून निघायचं. कुणी हात पुढे केला तर लांबून नमस्कार करायचा. नऊवारी नाही, पाचवारी नेसायची. आणि दागिने सगळे घालायचे, लग्नात घालतो तसे. आईने सगळं मुकाट्याने ऐकलं. निघायच्या दिवशी तिने रुमालात कसली तरी पुरचुंडी बांधून कमरेला खोचली. मला ती दिसली. मला वाटलं गणपतीचा प्रसाद असेल. खरं म्हणजे तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

वडिलांनी ओळखीच्या एकाची जीप मागून आणली. महाड, पोलादपूर करत आम्ही घाट चढलो. घाटात धुकं इतकं की वडील खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते, तरी वाटेतल्या चहाच्या टपरीवर त्यांनी ते वाक्य म्हटलंच. आई लिंबू हुंगत डोळे मिटून बसली होती आणि पाचवारीच्या निऱ्या दोन्ही हातांनी धरून ठेवत होती. त्या सुटतील अशी तिला सारखी धास्ती होती.

शाळेचं फाटक दिसलं तसे वडील पुढे न जाता अलीकडच्या वळणावरच थांबले. जीपच्या दारावर खडी क्रशरची जाहिरात रंगवलेली होती. आम्ही उरलेला रस्ता चालत गेलो, चकचकीत गाड्या बाजूने चिखल उडवत जात असताना. सिल्व्हर ओकची उंच झाडं, पावसाने काळी पडलेली दगडी इमारत, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर लाल कौलं. कुठूनतरी पियानो वाजत होता. मला ते सगळं फार आवडलं. मी इथे असते तर, असं मनात आलंच. तेवढ्यात मागे आईच्या बांगड्या आणि पाटल्या वाजल्या, आणि मी दोन पावलं पुढे सरकले.

आत मोठा हॉल होता. लाकडी जमीन, भिंतींवर लाकडी फलक, त्यांवर सोनेरी अक्षरांत जुन्या विद्यार्थ्यांची नावं. सगळ्यांत वरची नावं गोऱ्यांची. एका भिंतीत फायरप्लेस होती आणि हॉलमधली ओल जावी म्हणून तिच्यात लाकडं पेटवली होती. बायका साध्या सुती साड्यांत किंवा पँट-स्वेटरमध्ये होत्या, अंगावर जेमतेम एखादं घड्याळ. आमची आई हॉलच्या दाराशी थांबली, वाकली आणि तिने चपला काढून ठेवल्या. देवळात काढतात तशा, नीट जोडून. वडील दातओठ खात पुटपुटले, "अगो, घाल त्या." पण एवढ्यात कुणीतरी गोरेपान गृहस्थ त्यांना "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि वडिलांनी "व्हेरी गुड" म्हटलं. चपला तिथेच राहिल्या. एवढ्या मोठ्या दारात ती एकच जोडी होती.

भाऊ आला. करड्या कोटाच्या कॉलरमध्ये त्याची मान काडीसारखी दिसत होती. आम्हाला बघून तो हसला, पण हात हलवला नाही. "आलात?" एवढंच म्हणाला. आईने त्याचा दंड चाचपला आणि माझ्याकडे बघितलं.

बाकीची मुलं आपापल्या आईबापांना हाताला धरून ओढत होती. हा माझा मित्र, हे आमचे सर, इकडे चला, तिकडे चला. आमच्याकडे कुणी आलं नाही आणि भावाने कुणाला आणलं नाही. मी विचारलं, "तुझे मित्र कुठेत?" तो म्हणाला, "आहेत ना." मग त्याने आम्हाला वर नेऊन त्याची खाट दाखवली, कपाट दाखवलं आणि खिडकी दाखवली. खिडकीबद्दल मात्र तो भरभरून बोलला. ढग बाजूला झाले की खाली धरणाचं पाणी दिसतं. पलीकडच्या वाडीत कोणत्या घरातून सकाळी आधी धूर निघतो, दुपारी गुरं कोणत्या वाटेने उतरतात, सगळं त्याला ठाऊक होतं. मला वाटलं, मजा आहे याची. घरी आम्हाला समोरच्या इमारतीतलं धुणं दिसतं.

खाली हॉलमध्ये चहा होता. वडील कप-बशी सांभाळत एका घोळक्याच्या कडेला उभे राहिले. आईने चहा घेतला नाही. तिने भावाला पियानोशेजारच्या कोपऱ्यात नेलं आणि मला विचारलं, "उगवत कुटं हाय?" तेव्हा मला पुरचुंडी आठवली.

मी म्हटलं, "आई, इथे नको."

"मग कुटं? विस्तव इथंच हाय."

मुलांना फाटकाबाहेर न्यायची परवानगी नव्हती आणि विस्तव खरोखरच दुसरीकडे कुठे नव्हता. तिच्या दृष्टीने चूल ही चूल होती, मग ती कुणाच्या का भिंतीत असेना. आमच्या गावात कुणाच्याही विस्तवात कुणीही मूठ टाकावी, कुणी विचारत नाही. भावाने डोळे मिटले आणि तो सरळ उभा राहिला, गव्हाणच्या ओटीवर राहायचा तसा. आईने मूठ त्याच्यावरून उतरवली. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची," ती पुटपुटत होती, आणि ती घरच्याची म्हणाली तेव्हा मी उगाच जमिनीकडे बघितलं.

मग ती मूठ आवळून निघाली. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी, पाचवारीत पाय अडकवत. मधे एक शिक्षिका आडव्या आल्या. त्यांनी हसून इंग्रजीत काही विचारलं, मग हिंदीत विचारलं, "आपको कुछ चाहिए?" आईला बोलायचं नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली आणि त्यांना वळसा घालून गेली. बाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मी धावत जाऊन सांगायला हवं होतं की ती उद्धट नाही, तिला आत्ता बोलता येत नाही. पण ते इंग्रजीत कसं सांगायचं? आईने निखाऱ्यांवर मूठ उघडली.

मीठ तडतडलं. काही क्षण काहीच झालं नाही. मला वाटलं, सुटलो. पण पावसाळ्यात ओलं झालेलं ते धुराडं धूर धड ओढत नव्हतं. मिरच्यांचा धूर वर न जाता हॉलमध्ये परतला. आधी कप हातात धरलेले एक गृहस्थ खोकले. मग त्यांच्या पत्नी. मग पलीकडचा घोळका. बघता बघता सगळा हॉल खोकत होता, नाकाला रुमाल लावत होता, डोळे पुसत होता. कुणाची तरी कप-बशी फुटली. कुणीतरी घंटा वाजवली, आणि कुठेतरी आग लागली असं समजून मुलं जिन्यावरून रांगेत उतरायला लागली. थोड्याच वेळात अख्खी शाळा भुरभुर पावसात हिरवळीवर उभी होती.

मला भयंकर लाज वाटली. लोक असल्या आठवणी सांगताना शेवटी म्हणतात, मग मला माझ्या आईचा अभिमान वाटला. मला नाही वाटला. तेव्हा नाही आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं नाही. तिचे पाय चिखलाने भरलेले, पाचवारी एका बाजूने खाली आलेली, गळ्यात सगळं सोनं, आणि आजूबाजूचे लोक चांगल्या घरचे असल्यामुळे तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. वडील तर त्या घोळक्यापासून हळूहळू इतके मागे सरकले होते की एका झाडाआड गेले होते.

आई खोकणाऱ्या माणसांकडे बघत होती. या बाईकडे, त्या मुलाकडे, त्या शिपायाकडे. बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, कळलं एकदाचं हिला.

वसतिगृह सांभाळणाऱ्या हाऊसमास्तरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. वयस्क, किडकिडीत, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या. इंग्रजीत, सावकाश, आम्हाला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले की नुकसान काही झालं नाही, फक्त पुढच्या वेळी आधी विचारावं. "व्हेरी गुड, व्हेरी गुड," वडील म्हणाले. मी आईला मराठीत सांगितलं. ती ऐकत नव्हती. मग हाऊसमास्तरांनी दाराकडे बघून भावाला आत यायला हाक मारली.

हाक दुसऱ्याच नावाने मारली होती.

भाऊ आत आला. "येस सर" म्हणून उभा राहिला.

आईने माझ्याकडे बघितलं. "यांनी कोनाला हाक मारली?"

"यालाच."

"याचं नाव ते हाय?"

मी भावाकडे बघितलं. तो मराठीत, अगदी हळू आवाजात, काही विशेष नसल्यासारखं म्हणाला की त्याच्या खाटेवर आधी जो मुलगा होता त्याचं ते नाव. पहिल्या दिवशी सरांनी त्याच नावाने हाक मारली. सर मोठे, त्यांना कसं सांगायचं? मग पोरंही तेच म्हणायला लागली. "चालतं," तो म्हणाला.

वडील माझ्या पायावर पाय देत होते, म्हणजे गप्प बस. हाऊसमास्तर हसून वाट बघत होते की आम्ही काय बोलतोय ते कुणीतरी सांगेल. मी आयुष्यात तोवर परक्या माणसाशी इंग्रजीत अख्खं वाक्य बोलले नव्हते. ते पहिलं वाक्य मी तिथे बोलले. "सर, दॅट इज नॉट हिज नेम." आणि मग भावाचं नाव सांगितलं.

त्या माणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते माझ्याकडे नाही, वडिलांकडे नाही, सरळ भावाकडे बघत राहिले. भाऊ म्हणाला, "इट्स ऑल राइट, सर." इतक्या सवयीने म्हणाला की मला रडू आलं. हाऊसमास्तर खुर्चीतून उठले आणि त्याला "आय ॲम सॉरी" म्हणाले, मोठ्या माणसाला म्हणावं तसं. आणि आमच्या वडिलांनी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, म्हटलं, "व्हेरी गुड."

बाहेर आल्यावर आईने दाराशी जाऊन चपला घातल्या. मग ती वडिलांना म्हणाली, "याची ट्रंक आना."

"काय झालं आता?"

"नजर नाय. बघितलं ना तुमी, सगळ्या शालेला ठसका लागला. याला कोनाची नजर नाय लागली. लागंल कशी? कोन बघतच नाय माज्या पोराकडे."

वडील काय काय बोलले. एवढी खटपट करून घातला, आता काढून नेला तर लोकांना काय सांगू, साहेबांना काय सांगू. आई म्हणाली, तुमचं वाक्य तुमी सांगा, पोर मी नेते. तिला ते वाक्य खुपत होतं हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी ती भावाकडे वळली आणि तिने विचारलं, "येतोस?"

त्याने जिन्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत राहतो."

आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "दिवालीला परत काढीन. तवा पन ठसका लागला तर इथं नाय धाडनार. मग कोन आडवं येतंय बघते." हे शेवटचं वडिलांना होतं. त्यांनी नुसती मान डोलावली, कारण आजूबाजूला लोक होते.

आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा मी मागे वळून बघितलं. तीन-चार मुलं भावाभोवती जमली होती. एकाने विचारलेलं मला ऐकू आलं, "वो तेरी मम्मी थी?" भावाने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. मुलं हसली. ती त्याला हसली की त्याच्याबरोबर हसली, हे मी परतीच्या सगळ्या घाटात ठरवू शकले नाही.

पनवेलला आल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "कशी आहे शाळा?" मी म्हटलं, छान आहे. वडिलांचं वाक्य काही दिवस बंद होतं. न्हाव्याने आपणहून विचारलं तेव्हा ते "बरा आहे" एवढंच म्हणाले. खिसे चाचपले नाहीत. आई रोज संध्याकाळी दिवा लावताना भावाचं नाव मोठ्याने घ्यायची, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. असं ती आधी कधी करत नव्हती. खिडकी उघडी असायची आणि मला शेजाऱ्यांची लाज वाटायची. पण खिडकी लावायला मी उठले नाही.

दिवाळीत भाऊ आला. बारीकच होता. पण बोलत होता. फराळाच्या ताटावर बसून त्याने सांगितलं की सर आता त्याला बरोबर नावाने हाक मारतात, आणि मारताना दरवेळी थोडे थांबतात.

"आणि पोरं?" मी विचारलं.

"पोरं मिरची म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, हे आमचं कर्तृत्व, आयुष्यभर पुरेल. पण तो चकली मोडत म्हणाला, "ते तरी माझंच आहे ना. आधीचं तर दुसऱ्याचं होतं." मग त्याने सांगितलं की शेजारच्या खाटेवरचा एक मुलगा, नागपूरकडचा, त्याच्याबरोबर खिडकीत बसतो. त्या मुलाने विचारलंय की तुझी आई माझीपण नजर काढेल का, कारण त्याला रात्री भीती वाटते. मग तो मला म्हणाला, "मला परत जायचंय, ताई." आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणाला.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी आईने स्वयंपाकघरात शेगडी पेटवली. गॅस असून तिने मुद्दाम कोळशाची शेगडी बाहेर काढली होती. वडील दारात येऊन उभे राहिले. भाऊ उगवतीकडे तोंड करून पाटावर बसला. आईने मीठ घेतलं, मोहरी घेतली, आणि मिरच्या नेहमीपेक्षा जास्त घेतल्या. मूठ उतरवली. न बोलता शेगडीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून ती विस्तवात रिकामी केली.

धूर आला. पहिल्याच श्वासाला तो माझ्या घशात उतरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी भावाकडे बघितलं. त्याने ओठ आत घेऊन दाबले होते, नाकपुड्या थरथरत होत्या आणि तो डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत होता. मी श्वास धरला. दारात वडिलांनी तोंडावर मूठ दाबली होती आणि त्यांची मान फुगली होती. घरात चढ्या आवाजात बोलणाऱ्या त्या माणसाच्या घशातून हूं की चूं निघालं नाही. आम्ही तिघं आईला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच चुलीपुढे फसवत होतो. मला त्या धुरापेक्षा त्या फसवण्याने जास्त गुदमरल्यासारखं झालं.

आई काही वळेना. ती शेगडीवर वाकून तशीच उभी होती, पदर तोंडाशी घेऊन. मग मला तिची पाठ दिसली. खांदे हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. आवाज एवढासाही नव्हता.

बऱ्याच वेळाने तिने पदर खाली घेतला.

"नाय वास," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि हात लांब करून ओट्यामागची खिडकी सताड उघडली.